आठ आठवडे आणि एक येळवस

माझी लेक दहा वर्षांची असताना सलग आठ आठवडे जेवली नाही. आमच्या नांदेड-लातूरकडे हे वाक्य कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी लेकीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि त्या दुसऱ्या नजरेत सरळ सरळ आरोप असतो. म्हणून पुढचं मला घाईघाईनं सांगावं लागतं. ती उपाशी नव्हती. ती पीत होती. दिवसातून सात वेळा, मापानं, पावडर पाण्यात कालवून केलेलं, दुधासारखं दिसणारं एक पेय. वाढत्या अंगाला लागतं ते सगळं त्यात होतं. त्याशिवाय फक्त पाणी. आणि हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं.

मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी तापट बाई आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याचाच घोळ होणार आहे. वर्गात मी हातातला खडू खाली ठेवला तरी पोरं गप्प बसतात. जिवाणूंचा धडा मात्र मी दरवर्षी फार रंगवून शिकवते. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, ते आपल्याला अन्न पचवायला मदत करतात, त्यांच्यावाचून आपलं चालायचं नाही, वगैरे. पोरं तोंडं वाकडी करतात आणि मला मजा येते.

आणि घरात माझीच लेक वर्षभर पोट धरून बसत होती, तेव्हा मी म्हणत होते, नखरे करू नकोस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अर्धी पोळी खाल्ली की तिचं पोट दुखायचं. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. शाळा चुकवायचे धंदे आहेत, हे निदान मी स्वतः केलं. आदल्या दसऱ्याला घेतलेला ड्रेस त्या दसऱ्यालाही तिला बरोब्बर बसला, तेव्हा मी तर खूश झाले. पोरगी कपडे जपून वापरते, असं शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. दहा वर्षांच्या मुलीचा ड्रेस वर्षभरात आखूड झाला नाही याचा अर्थ काय होतो, हे जीवशास्त्राच्या बाईला कळलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एक दिवस तिनं संडासातून हाक मारली आणि मी जाऊन बघितलं तर रक्त. आमच्या नांदेडच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता हैदराबादला पाठवलं. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की हैदराबादच आठवतं. गाडीत बसलं की पोचतो, आणि तिथली बोलीही कानाला परकी नाही. लहान मुलांच्या पोटाच्या त्या डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी दुर्बिणीनं तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आधी टीबी नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग सांगितलं की हा क्रोन्स आहे. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. आपोआप जाणारा आजार नाही, पण ताब्यात ठेवता येतो.

मला सांगून झाल्यावर त्यांनी खुर्ची लेकीकडे वळवली. हे मला आवडलं.

"देखो बेटा, सबके पेट में छोटे-छोटे मेहमान रहते. करोड़ों. दिखते नई, मगर रहते. तेरे जिस्म के सिपाही उनकू पहचानना भूल गए, इसलिए अंदर झगड़ा चल रा."

लेकीनं विचार केला आणि विचारलं, "गलती किसकी है? मेहमान की के सिपाही की?"

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. "येइच तो हमकू भी पूरा नई मालूम!"

इतकी वर्षं मी धडा शिकवते, पण हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता, आणि असं उत्तर मी कधी कुणाला दिलं नव्हतं.

उपाय असा होता. आठ आठवडे खाणं पूर्ण बंद, फक्त ते पेय. एकाच प्रकारचं अन्न आत गेलं की आतल्या पाहुण्यांची गर्दी बदलते, आतड्याला विसावा मिळतो, सूज उतरते. नेमकं कसं, ते अजून सगळं कळलेलं नाही, पण बऱ्याच मुलांना गुण येतो. सोबत रोजची गोळी सुरू करायची, ती पुढेही चालू राहील. पेयानं भागलं नाही तर स्टेरॉइड द्यावं लागेल, आणि वाढत्या वयात ते शक्यतो टाळलेलं बरं, उंचीवर परिणाम होतो. "मगर बीच में थोड़ा-थोड़ा खाया, तो पूरा फायदा नई होता," असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. आधीच वर्षभर न वाढलेली माझी पोर, आणि तिची उंची आता माझ्या राखणीवर अवलंबून. मी तिथेच ठरवलं की आठ आठवडे या पोरीच्या तोंडात एक शीतसुद्धा जाऊ द्यायचं नाही. मग मला कुणी कैदाशीण म्हटलं तरी चालेल.

पहिला आठवडा रडारडीचा गेला. तो मी लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिचं पोट दुखायचं थांबलं आणि तिचा आवाज परत आला. इतके महिने ती हळू बोलत होती हे आवाज परत आल्यावर आमच्या लक्षात आलं. पेय व्हॅनिलाच्या चवीचं होतं. गार करून, नळीनं प्यायलं की बरं लागतं, हा शोध तिच्या बापानं लावला. बाटली तोंडाला लावण्याआधी ती पोटावर हात ठेवून आतल्या पाहुण्यांना सांगायची, "आज व्हॅनिला आहे." रोजच व्हॅनिला असायचं. तरी ती रोज सांगायची.

खरा घोळ आम्ही दोघांनी घातला. तिच्या समोर जेवायचं नाही असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं. फोडणीच्या वासानं पोरीला त्रास होईल म्हणून घरात फोडणी बंद. माझा नवरा हदगावच्या एका कचेरीत नोकरीला आहे, रोज बसनं जाऊन येतो. तो तिकडेच बसस्टँडजवळ दोन वेळचं खाऊन यायला लागला. मी माझा डबा कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत खायची, बरण्यांतल्या बेडकांच्या साक्षीनं. संध्याकाळी गच्चीवर टाकीच्या आडोशाला उभी राहून पोळीत लोणचं गुंडाळून घशाखाली ढकलायची. एकदा ती कपडे काढायला वर आली आणि माझा गाल फुगलेला तिनं बघितला. मी चघळायचं थांबले. ती पण थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि ती कपडे न काढताच खाली निघून गेली. चोरी पकडली गेल्यावर होतं तसं माझं झालं.

पण तिचं डोकं भलतीकडेच चाललेलं होतं. मोबाइलवर ती दिवसभर रांधायचे व्हिडिओ बघायची. बाप हदगावहून आला की त्याची उलटतपासणी. आज काय खाल्लं? वड्यात आलं होतं का? रस्सा लाल होता की काळा? तो बिचारा आधी लपवायचा, मग हळूहळू रंगात यायचा. ते दोघं बोलायला लागले की मीच उठून आत जायची, कारण मला भूक लागायची.

बाहेरच्यांचं काय सांगावं. आमच्याकडे माणूस दारात आला की पहिला प्रश्न "जेवलाव का?" आणि त्याचं उत्तर कुणी खरं धरत नाही, ताट वाढतातच. अशा मुलखात न जेवणारं लेकरू म्हणजे घरादाराची बेअब्रू. बिलोलीहून माझ्या आईचा दिवसाआड फोन. "लेकराला उपाशी मारायलीस का? भाताची पेज तरी दे की गं माय." कुणी सांगितलं डाळिंबाची साल, कुणी बेलाचा मुरंबा, कुणी दृष्ट काढा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय लागतं, फोन हातात असला की झालं. मी आधी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं: जिवाणू, सूज, स्टेरॉइड. "जिवाणू" म्हटलं की पलीकडून विचारलं जायचं, "म्हंजे जंतच की. औषध न्हाई दिलं का?" पाचव्या-सहाव्या वेळी माझं डोकं फिरलं. मग मी एकच वाक्य ठरवलं आणि सगळ्यांच्या तोंडावर ते फेकत गेले: "तिला फक्त पातळ चालतं. बाकी काही विचारू नका."

हे वाक्य मला फार सोयीचं वाटलं. फोन लवकर संपायचे.

सहाव्या आठवड्यात येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूरकडे दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी शहरात दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सगळं माणूस शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, आणि मग जेवण. शेतातल्या भाज्या आणि शेंगांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदगीत मुरवलेली आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, चार दिवस आंबवलेलं. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावतात, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ओढून बसवतात. त्या दिवशी कुणी न जेवता परत गेलं तर शेतमालकाला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आमचं शेत रेणापूरला. ते माझे थोरले दीर आणि जाऊ बघतात. मी सरळ सांगितलं, या वर्षी आपण जाणार नाही.

"मी खाणार नाही, पण मी जाणार," लेक म्हणाली.

"तिथं सगळे आग्रह करतील."

"करू दे."

"तुला भूक लागेल."

"मला इथं पण लागते."

नवरा पेपरात तोंड घालून हसत होता. शेवटी बर्फाच्या पेटीत बाटल्या भरून आम्ही निघालो. वाटेत मी तिला तीनदा बजावलं. चौथ्यांदा बजावायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "आई, पाठ झालंय."

जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माझा नवरा पाचवीत होता. त्याला डबा करून देऊन शाळेत धाडलं ते त्यांनीच. बोलणं कमी आणि हात सारखे कामात, अशी बाई. आमची लेक त्यांना मोठी आई म्हणते आणि त्यांचा जीव की प्राण आहे. मी नांदेडहून फोनवर नेहमीच्या घाईत त्यांनाही तेच सांगितलं होतं. "अक्का, फक्त पातळ चालतं." त्या "हाव" म्हणाल्या होत्या.

शेतात पोचलो तर माणसंच माणसं. कोपेत पूजा झाली. माणसं आंबील आणि भज्जी घेऊन "ओलगे, ओलगे" असं ओरडत शेताच्या कडेनं शिंपडत गेली. याला चर शिंपणं म्हणतात. आधी जमिनीनं जेवायचं, मग आपण. हरभरा फुलावर होता, ज्वारी माणसाच्या वर गेली होती. लेक पोरांच्या मागं पळत होती. वर्षभरानं मी तिला पळताना बघितलं. पण मला ते डोळे भरून बघायला सवड कुठे होती, मी राखणीला उभी होते. कुणी तिच्या हातात तिळाची पोळी दिली की मी मधे. कुणी खीर पुढे केली की मी मधे. एक आजोबा म्हणाले, "अवं मॅडम, एवढं एवढं खाल्ल्यानं काय व्हतंय?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते ज्वारी बघायला गेले.

बाराच्या बाटलीची वेळ झाली. बाटली विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली धुवायला म्हणून मी पाच मिनिटं, फार तर सहा मिनिटं गेले असेन. परत आले तर लेक कोपेपाशी उभी. हातात स्टीलचा पेला. पेला रिकामा, आणि आत सगळीकडे पांढरा थर. बाजूला अक्का, पदराला हात पुसत.

मला आंबिलीचा वास आला आणि माझा तोल गेला. पंगतीला बसत असलेल्या चाळीस-पन्नास माणसांसमोर मी ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढंही लिहायला नको वाटतं. साडेपाच आठवडे मी जिवाचं रान केलं आणि तुम्ही ते एका पेल्यात घालवलं. तुम्हाला अक्कल आहे का. असलं काहीतरी. वयानं आईसारख्या असलेल्या बाईला.

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तूच म्हन्लीस की बाई, पातळ चालतंय म्हून. आंबील पातळच हाय की. लेकराची येगळी घातली मी. मिरची न्हाई घातली, लसून न्हाई घातला. दोनदा फडक्यातून गाळली."

त्यांनी कोपेच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं मोठ्या बिंदगीशेजारी एक लहान बिंदगी होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. सगळं गाव सणाच्या घाईत असताना या बाईनं माझ्या लेकीसाठी चार दिवस वेगळं पीठ आंबवलं होतं. सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. चूक मीच फोनवर सांगितली होती, कारण समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोराला मी तीनदा समजावते. घरच्या माणसाला एकदा नीट सांगितलं नाही.

"आई," लेक म्हणाली, "मी प्यायले नाही."

"खोटं बोलू नकोस. पेला बघ."

"मी शिंपली."

ती मला हाताला धरून हरभऱ्याच्या कडेला घेऊन गेली. तिथं एका सरीत माती ओली होती, वर पांढरी साय दिसत होती. "मोठ्या आईनं इतक्या प्रेमानं दिली, मग नको कसं म्हणायचं? म्हणून मी चर शिंपून येते म्हणाले. खालच्या जिवाणूंना दिली. त्यांना चालते ना आंबील?"

मी त्या ओल्या मातीकडे बघत उभी राहिले. दहा वर्षांच्या पोरीनं कुणाचं मन न मोडता, एकही नियम न मोडता वाट काढली होती. आणि मी काय केलं होतं, तर भर पंगतीत तमाशा. तिनं नंतर मला सांगितलं की पेला तोंडाजवळ नेऊन तिनं वास मात्र पुष्कळ वेळ घेतला होता. "वासाला बंदी नाही ना?" ती म्हणाली.

मी परत गेले आणि सगळ्यांच्या देखत अक्कांना म्हणाले, "अक्का, चुकलं माझं." माझ्या नवऱ्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर हे वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता, आणि तेही त्याला उद्देशून नव्हतं.

मग मी अक्कांना सगळं नीट सांगितलं, कोपेच्या सावलीत बसून. आंबील वाईट नाही, उलट धडधाकट माणसाच्या पोटाला चांगलीच. पण आत्ता हिच्या आतड्याला सूज आहे, आठ आठवडे एकच अन्न, दुसरा थेंब नाही. पातळ की घट्ट हा प्रश्नच नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अजून अडीच आठवडे ऱ्हायले म्हन." मग त्यांनी लेकीला नखशिखांत न्याहाळलं. "आन् लेकरू काय करतंय तवर? नुस्तं लोकाची तोंडं बघत बसतंय व्हय?"

त्या उठल्या. भज्जीचं मोठं पातेलं उचललं, त्यात पळी घातली, आणि ते लेकीच्या हातात दिलं. पातेलं तिला पेलेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूनं स्वतः धरलं.

"चल. वाढायला लाग. वाढनाऱ्याला कुनी जेव म्हनत न्हाई."

ते खरं होतं. मला ते जन्मभर माहीत होतं, आणि तरी सुचलं नव्हतं. आमच्याकडे पंगतीत बसलेल्याला आग्रह, उभं राहिलेल्याला आग्रह, पण ज्याच्या हातात पळी आहे त्याला कुणी जेवायला बोलावत नाही. त्याचं जेवण शेवटी, सगळे उठल्यावर, आणि तोवर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. लेकीच्या हातात पळी आली आणि सकाळपासून "खा गं, खा गं" करणारी तीच माणसं तिच्यापुढं आडवे हात करून "बास, बास" म्हणायला लागली. तिनं त्यांचं काही ऐकलं नाही. "घ्या की वो, लाजू नका!" म्हणत ती पळीनं वाढत सुटली. ज्या आजोबांना मी ज्वारीत पळवलं होतं त्यांना तिनं चौथ्यांदा भज्जी वाढली. ते म्हणाले, "माय, जीव घेतीस का?" पंगत हसली. वाफ तोंडावर घेत, नाक फुलवत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होती, आणि तिच्या मागं पातेल्याचा दुसरा कान धरून अक्का.

दुसऱ्या पंगतीला तिनं मला बसवलं. "आई, तू माझ्यासमोर जेव. तू लपून खातेस तेव्हा मला वाटतं मला कुठलातरी लागणारा रोग झालाय."

असं ती सरळ म्हणाली. मी मान खाली घालून जेवले. भज्जी फार चांगली झाली होती आणि माझे डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकाच वेळी चालू होतं. तिनं मला विचारलं, मीठ बरोबर आहे का? मी म्हटलं, आहे. आंबट जास्त आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे. मग ती पुढच्या ताटाकडे गेली.

नांदेडला परत आल्यावर आमच्या घरात परत फोडणी सुरू झाली. नवरा हदगावहून उपाशी येऊ लागला. आम्ही दोघं टेबलाशी बसायचो, ती वाढायची, मग आपली बाटली घेऊन समोर बसायची. बिलोलीला आईला फोन लावून मी अर्धा तास सगळं पहिल्यापासून समजावलं. आई म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर मी कशाला पेज-पेज केलं असतं?" मी तिलाही म्हटलं, चुकलं माझं.

आठवा आठवडा संपला. शीची डबी बर्फात घालून आम्ही हैदराबादची गाडी पकडली. आतड्याला सूज किती आहे ते त्या तपासणीत कळतं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं पेटीकडे बघून विचारलं, "मिठाई हाय का?" लेक खिडकीकडे तोंड करून इतकी हसली की तिला उचकी लागली. मला हसू येत नव्हतं. आठ आठवड्यांचं काय झालं ते आता कळणार होतं, आणि नाही जमलं तर दोष कुणाला द्यायचा, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं: स्वतःला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितला. मग त्यांनी लेकीला उंची मोजायच्या पट्टीशी उभं केलं, वजनकाट्यावर उभं केलं, पोट दाबून बघितलं. सूज बरीच उतरली होती. वजन वाढलं होतं. उंची अगदी जराशी, पण वाढली होती. स्टेरॉइड नको. रोजची गोळी चालू ठेवायची, दर काही दिवसांनी एकेक अन्न परत सुरू करायचं, भात आणि उकडलेल्या बटाट्यापासून.

मी हात जोडले. नवऱ्यानं खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. आणि एक प्रश्न होता, तो मी आठ आठवडे कुणाला विचारला नव्हता. नवऱ्याला नाही, डॉक्टरांना नाही, स्वतःलाही नाही. तो लेकीनं वजनकाट्यावरून उतरता उतरता, चप्पल पायात घालत विचारला.

"डॉक्टर, ये फिर से आएगा क्या?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. खोटं त्यांना सांगता आलं असतं; मी तर मनातल्या मनात हात जोडून म्हणत होते, सांगा. "आ सकता बेटा," त्या म्हणाल्या. "गोळी लेती रही तो कम आएगा. मगर आ सकता."

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा सगळं उभं राहिलं, पहिला रडारडीचा आठवडासुद्धा, जो मी लिहिला नाही. मी लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिला त्याची गरज नव्हती. ती चपलेचा पट्टा लावत होती. तो लागला, तेव्हा तिनं वर बघितलं.

"मग परत पिऊ," ती मला म्हणाली. "आता येतं मला."